‘साइट स्लो आहे’: क्लाउडवरच्या ॲपचा वेळ नेमका कुठे जातो, हे शोधण्याचा क्रम

ऑफिस हिंजवडीत असो, खराडीत असो की बाणेरच्या एखाद्या टू बीएचकेमध्ये, ‘साइट स्लो आहे’ असा मेसेज ग्रुपवर पडला की पुढची दोन उत्तरं ठरलेली असतात: ‘रिस्टार्ट मारून बघ’ आणि ‘इन्स्टन्स मोठा कर’ (इन्स्टन्स म्हणजे क्लाउडवर भाड्याने घेतलेलं मशीन). पहिल्यात पुरावा पुसला जातो, दुसऱ्यात बिल वाढतं. दोन्हींनी तास-दोन तास बरं वाटतं, म्हणून ही सवय काही सुटत नाही.

या लेखात उपाय कमी आणि शोध जास्त आहे. रिस्पॉन्सला लागलेला वेळ कुठल्या तरी एका जागी गेलेला असतो, आणि बहुतेकदा तो काम करण्यात नाही, कशाची तरी वाट बघण्यात गेलेला असतो. ती जागा सापडेपर्यंत काही बदलायचं नाही. शोध बाहेरून आत न्यायचा: आधी नेटवर्क, मग लोड बॅलन्सर (आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा), मग ॲप, मग मशीन, मग डेटाबेस. पोरं नेमकं उलट करतात. थेट डेटाबेसला इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणूनची सूची) टाकायला धावतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक ॲप धरू. सदाशिव पेठेतल्या एका एमपीएससी क्लासची ऑनलाइन टेस्ट सिरीज. रविवारी सकाळी १० वाजता पेपर सुरू होतो, साडेदहापासून सबमिट करता येतो. दोन ॲप सर्व्हर, पुढे लोड बॅलन्सर, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, सगळं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांत. विद्यार्थ्यांची तक्रार एकच: ‘सबमिट दाबलं की चक्र फिरत राहतं.’

## टप्पा १: हात लावण्याआधीची तयारी

तक्रार नीट लिहून घ्या. ‘स्लो आहे’ ही तक्रार नाही, ती भावना आहे. कोणती स्क्रीन, कोणतं बटण, कोणाला, कधीपासून, दिवसभर की ठरावीक वेळी, या पाच प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात बसली पाहिजेत. आपल्या उदाहरणात ते वाक्य असं होईल: ‘गेल्या रविवारपासून, साडेदहा ते अकराच्या दरम्यान, पेपर सबमिट करायला पाच-सात सेकंद लागतात, प्रश्न उघडायला मात्र काही त्रास नाही.’ नुसत्या या वाक्याने निम्मे संशयित सुटतात. प्रश्न पटकन उघडतायत म्हणजे डीएनएस, सर्टिफिकेट, विद्यार्थ्याचं नेट यांच्याकडे बघायची फारशी गरज नाही.

काय काय बदललं त्याची यादी करा. गेल्या आठवड्यातले डिप्लॉय, कॉन्फिग, नवीन लायब्ररी, मोठा डेटा इम्पोर्ट, एसएमएस किंवा पेमेंटचा नवा व्हेंडर. ‘काहीच बदललेलं नाही’ असं उत्तर आलं तर डेटा किती वाढला ते विचारा. कोड तोच असला तरी टेबल वाढतच असतं.

घड्याळं जुळवा. क्लाउडवरचे सर्व्हर आणि त्यांचे लॉग बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी १०:३० ची तक्रार लॉगमध्ये ०५:०० ला सापडेल. कोणी १०:३० च्याच ओळी चाळत बसलं, तर तो दुपारी चारचा ट्रॅफिक बघतोय. याचीच दुसरी बाजू जास्त महाग पडते: ‘पहाटे पाचला बॅकअप’ म्हणून लावलेला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) यूटीसीवर पाचला, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला, ऐन गर्दीत सुरू होतो. क्रॉनची यादी आत्ताच काढून ठेवा.

पुरावा गोळा करा, मगच रिस्टार्ट. कधीकधी रिस्टार्ट करावाच लागतो, पेपर चालू असताना तपास करत बसता येत नाही. पण त्याआधी दोन मिनिटं काढून चार गोष्टी फाइलमध्ये टाका: ‘टॉप’चं आउटपुट, ‘व्हीएमस्टॅट’च्या दहा-पंधरा ओळी (दोन्ही मशीनवरचा ताण दाखवणाऱ्या लिनक्स कमांड), ॲपचा थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची नोंद), आणि डेटाबेसमध्ये त्या क्षणी चालू असलेल्या क्वेऱ्या. दोन सर्व्हर असतील तर एकच रिस्टार्ट करा. दुसरा लोड बॅलन्सरमधून बाहेर काढून तसाच ठेवा, नंतर निवांत बघता येतो.

> इशारा: तपास चालू असताना ऑटो-डिप्लॉय बंद ठेवा. तुम्ही मोजताय आणि कोणीतरी मागून नवा बिल्ड ढकलतोय, अशाने आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

## टप्पा २: सर्व्हर स्लो आहे की रस्ता लांब आहे?

क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट निवडा आणि टायमिंग बघा. ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’ ही पट्टी छोटी आणि बाकी पसारा मोठा असेल, तर दोष जाव्हास्क्रिप्टचा, फोटोंचा किंवा फाँटचा. हा लेख तिथेच बंद करा आणि फ्रंटएंडवाल्याला हाक मारा. पहिला बाइट यायला लागणारा वेळ, म्हणजे टीटीएफबी, ०.८ सेकंदाच्या आत असावा आणि १.८ च्या वर गेला तर वाईट, असा ढोबळ निकष गूगल देतं. ब्राउझरमधल्या पानासाठी तो ठीक आहे. ॲपच्या आतल्या एपीआयसाठी मात्र तो फारच सैल आहे.

आता ‘कर्ल’, म्हणजे टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवणारी कमांड. त्याच्या राइट-आउट पर्यायात पाच टप्प्यांच्या वेळा मागा: नेमलुकअप, कनेक्ट, ॲपकनेक्ट, स्टार्टट्रान्सफर, टोटल. समजा आकडे (सेकंदांत) असे आले:

- नेमलुकअप ०.०१२
- कनेक्ट ०.०२०
- ॲपकनेक्ट ०.०४५
- स्टार्टट्रान्सफर २.३१०
- टोटल २.३३५

हे आकडे एकात एक मिळवलेले असतात. प्रत्येक आकडा सुरुवातीपासूनचा. त्यामुळे टीसीपी जोडणीला ०.०२० नाही, ०.००८ सेकंद लागले. टीएलएसला, म्हणजे एन्क्रिप्शन ठरवायला, ०.०२५. आणि रिक्वेस्ट गेल्यापासून पहिला बाइट येईपर्यंत २.२६५. बरेच जण पाचही आकडे सुटे समजून त्यांची बेरीज करतात आणि मग टीएलएसला दोष देतात.

कनेक्टचा फरक म्हणजे साधारण एक फेरी, जाऊन येऊन. इथे तो ८ मिलिसेकंद आहे, पुण्याहून मुंबईला शोभेल असा. हाच फरक २०० च्या आसपास दिसला तर सर्व्हर भारतात नाही. खातं उघडताना रीजन व्हर्जिनिया होता आणि तो तसाच राहिला, असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. पुणे ते व्हर्जिनिया हवाई अंतरच सुमारे १३,००० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत केबल टाकली तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागणारच. नवीन जोडणीला टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.३ ची एक आणि रिक्वेस्टची एक अशा तीन फेऱ्या. सर्व्हरने शून्य वेळात उत्तर दिलं तरी २०० च्या हिशोबाने ६०० मिलिसेकंद गेले. यावर इन्स्टन्स मोठा करून काहीही होणार नाही. एडब्ल्यूएसचे रीजन मुंबई आणि हैदराबादला आहेत, गूगल क्लाउडचे मुंबई आणि दिल्लीला, आणि अझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ तर पुण्यातच आहे. निमित्त उरत नाही.

> तपासणी: त्याच सर्व्हरवरची एखादी छोटी स्टॅटिक फाइल, एक हेल्थचेक आणि तक्रारीची यूआरएल, तिन्ही प्रत्येकी २० वेळा मागवा. पहिल्या दोन झटपट आणि तिसरी स्लो असेल तर रस्ता निर्दोष आहे, पुढे चला. तिन्ही सारख्याच स्लो असतील तर टप्पा ५ आधी करा. मध्ये सीडीएन (फाइलींच्या प्रती जवळून देणारी सेवा) असेल तर एकदा त्याला वगळून थेट सर्व्हरला विचारा, नाहीतर तुम्ही कॅशची परीक्षा घेत बसाल.

आणि हे ऑफिसच्या वायफायवरून एकदा मारून ‘माझ्याकडे तर उघडतंय’ असं ग्रुपवर लिहू नका. तक्रार साडेदहाची असेल तर मोजणी साडेदहालाच.

## टप्पा ३: सरासरी बाजूला ठेवा

डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात दिसतो तो सरासरी रिस्पॉन्स टाइम, आणि दिशाभूलही तोच करतो. १०० रिक्वेस्टपैकी ९५ ना १०० मिलिसेकंद आणि ५ ना ६ सेकंद लागले, तर सरासरी येते ३९५ मिलिसेकंद. क्लायंट कॉलवर हा आकडा सांगितला तर सगळे माना डोलावतील. ती पाच मुलं मात्र सहा-सहा सेकंद चक्र बघत बसलेली असतात.

पी-५०, पी-९५ आणि पी-९९ हे तिन्ही बघा आणि यूआरएलवार बघा. पी-९५ म्हणजे १०० पैकी ९५ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपल्या तो आकडा; पी-५० आणि पी-९९ तसेच. पी-५० आणि पी-९९ दोन्ही चढले असतील तर सगळ्यांना लागणारी एखादी गोष्ट बिघडली आहे. पी-५० जागेवर आणि पी-९९ गगनाला भिडलेला असेल, तर कोणीतरी रांगेत अडकतंय किंवा ठरावीक डेटावरच त्रास होतोय. दोन सर्व्हरच्या पी-९५ ची सरासरी काढून एकूण पी-९५ मिळत नाही; मूळ नोंदी एकत्र करूनच तो काढावा लागतो.

ग्राफची खिडकीही लहान करा. क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या मोजमाप सेवेत) ईसीटूचं, म्हणजे तिथल्या मशीनचं, साधं मॉनिटरिंग पाच मिनिटांच्या अंतराने येतं. एक मिनिटाचं हवं असेल तर डिटेल्ड मॉनिटरिंग चालू करावं लागतं. ४० सेकंदांची उसळी पाच मिनिटांच्या सरासरीत दिसतच नाही.

## टप्पा ४: रिक्वेस्ट कोणत्या दारात थांबली?

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो आणि सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात.

एकाच रिक्वेस्टचा वेळ तीन ठिकाणी मोजायचा: लोड बॅलन्सरवर, एनजिनएक्सवर (ॲपच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर) आणि ॲपच्या स्वतःच्या लॉगमध्ये. त्यासाठी आधी थोडी मशागत लागते. एडब्ल्यूएसच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचे ॲक्सेस लॉग मुळात बंद असतात, ते चालू करा. एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्टला लागलेला वेळ नसतोच. ‘रिक्वेस्ट टाइम’, ‘अपस्ट्रीम कनेक्ट टाइम’ आणि ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’ ही तीन व्हेरिएबल्स स्वतः घालावी लागतात. अपस्ट्रीम म्हणजे एनजिनएक्सच्या मागचा ॲप सर्व्हर. तिन्ही ठिकाणी एकच रिक्वेस्ट आयडी उमटेल असं बघा. मग जोडी लावून वाचा.

रिक्वेस्ट टाइम मोठा, अपस्ट्रीम छोटा. ॲपने आपलं काम वेळेत केलं; उत्तर मोबाइल नेटवर सरपटत गेलं किंवा उत्तरच अवाढव्य आहे. कॉम्प्रेशन आणि उत्तराचा आकार बघा.

अपस्ट्रीम कनेक्ट टाइमच मोठा. ॲप सर्व्हर जोडणी घ्यायलाच तयार नाही किंवा मधलं नेटवर्क बिघडलंय.

अपस्ट्रीम ३ सेकंद, पण ॲपचा लॉग म्हणतो ८० मिलिसेकंद. इथे एनजिनएक्सवाला आणि बॅकएंडवाला यांचं भांडण जुंपतं, कारण दोघांचेही आकडे खरे असतात. ॲपचं घड्याळ सुरू होतं ते वर्करने (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसने) रिक्वेस्ट हातात घेतल्यावर. त्याआधी ती रांगेत उभी होती, तो वेळ कोणाच्याच खात्यात नाही. पायथन ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्नला काही सांगितलं नाही तर तो एकच वर्कर चालवतो, आणि तोही एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणारा. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ची, म्हणजे वर्करच्या संख्येची, मर्यादा गाठली की लॉगमध्ये तशी स्पष्ट सूचना येते. ती ओळ शोधा, बरेचदा महिनोन् महिने येत असते.

पण वर्कर कमी पडतायत असं दिसलं म्हणून लगेच वाढवू नका. ते आधी पुरत होते, मग आता का पुरत नाहीत? कारण प्रत्येक वर्कर पूर्वीपेक्षा जास्त वेळ कशात तरी अडकलाय. तो कशात, ते पुढे.

> तपासणी: या टप्प्यानंतर तुम्हाला असं वाक्य लिहिता आलं पाहिजे: ‘६ सेकंदांपैकी अमुक इतके नेटवर्कवर, इतके रांगेत, इतके ॲपच्या आत.’ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, लॉग दुरुस्त करा आणि पुढच्या गर्दीपर्यंत थांबा.

## टप्पा ५: मशीनची नाडी

‘व्हीएमस्टॅट’ एका सेकंदाच्या अंतराने चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते.

सीपीयूच्या रकान्यांत ‘एसटी’, म्हणजे स्टील, आधी बघा. तिथे शून्याऐवजी दोन आकडी संख्या दिसत असेल, तर तुमच्या मशीनला हवा असलेला सीपीयू त्याला मिळत नाहीये. एडब्ल्यूएसच्या टी कुटुंबातल्या स्वस्त इन्स्टन्सवर याचं नेहमीचं कारण म्हणजे संपलेली क्रेडिट्स (मशीन निवांत असताना साठणारी जादा सीपीयूची शिल्लक). टी३ मीडियमला दोन व्हीसीपीयू असतात, पण कायमस्वरूपी हक्काचा वाटा प्रत्येकी २० टक्केच. त्यावरचं काम साठवलेल्या क्रेडिटवर चालतं. टी२ मुळात स्टँडर्ड मोडमध्ये येतो, क्रेडिट संपली की गळा आवळला जातो. टी३ मुळात अनलिमिटेड असतो, म्हणजे तो धावत राहतो आणि जास्तीच्या वापराचे पैसे लागू शकतात. खर्च वाचवायला कोणी तो स्टँडर्ड केला असेल तर टी२ चंच दुखणं परत येतं. क्लाउडवॉचमध्ये ‘सीपीयू क्रेडिट बॅलन्स’चा ग्राफ काढा, तो शून्याला टेकला ती वेळ आणि तक्रारीची वेळ जुळली तर शोध संपला.

डिस्कचंही असंच असतं. जीपी२ प्रकारच्या डिस्क व्हॉल्यूमला दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या क्रिया) मिळतात, म्हणजे १०० जीबीला ३००. छोटं व्हॉल्यूम काही काळ ३,००० पर्यंत उसळू शकतं, मग शिल्लक संपते. ‘सकाळी पहिला अर्धा तास मस्त, मग मेलं’ अशी तक्रार असेल तर ‘बर्स्ट बॅलन्स’ बघा. जीपी३ ला आकार काहीही असो, ३,००० आयओपीएस पायाशीच मिळतात, त्यामुळे बदल करणं सहसा सोपं.

मेमरीसाठी ‘फ्री’ कमांडमध्ये ‘फ्री’ रकाना नाही, ‘अव्हेलेबल’ बघायचा. लिनक्स मोकळी मेमरी फाइल कॅशला वापरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ‘व्हीएमस्टॅट’मध्ये ‘एसआय’ आणि ‘एसओ’ सतत हलत असतील तर मात्र मशीन स्वॅप करतंय (मेमरीऐवजी डिस्क वापरतंय), आणि मग बाकी कशालाच अर्थ नाही. ईसीटू स्वतःहून मेमरीचा आकडा क्लाउडवॉचला देत नाही, त्यासाठी एजंट बसवावा लागतो.

एक गैरसमज इथेच मोडू. लोड ॲव्हरेज जास्त म्हणजे सीपीयू कमी, असं नसतं. लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतो.

सगळं बघून सीपीयू १५ टक्के, मेमरी मुबलक, डिस्क निवांत, आणि तरी साइट स्लो? मग मशीन मोठं करून काडीचाही फरक पडणार नाही. आपलं टेस्ट सिरीजवालं ॲप नेमकं असंच आहे. सगळे वर्कर कशाची तरी वाट बघतायत.

## टप्पा ६: डेटाबेस, आणि त्याच्या दारातली रांग

स्लो क्वेरी लॉग ‘रिकामा आहे’ म्हणून डेटाबेसला क्लीन चिट देऊ नका. मायएसक्यूएलमध्ये तो लॉग मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी मर्यादा १० सेकंदांची. पोस्टग्रेसमध्येही वेळेनुसार क्वेरी नोंदवणं मुळात बंदच. मर्यादा २०० मिलिसेकंदांच्या आसपास आणा. तेवढ्यावर न थांबता पोस्टग्रेसचं ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ एक्स्टेन्शन चालू करा आणि त्यात एकूण वेळेनुसार क्रम लावा, सरासरीनुसार नाही. दिवसातून दोनदा चालणारी ४ सेकंदांची रिपोर्ट क्वेरी डोळ्यांत भरते. तासाला लाखभर वेळा चालणारी ५ मिलिसेकंदांची क्वेरी गुपचूप डेटाबेस खाते.

याच जातीचा दुसरा रोग म्हणजे एन प्लस वन. निकालाच्या पानावर २०० विद्यार्थी, आणि ओआरएम (कोडमधून क्वेऱ्या बनवणारी लायब्ररी) प्रत्येकाचं नाव आणायला वेगळी क्वेरी मारतो. २०१ क्वेऱ्या, प्रत्येकी जाऊन-येऊन २ मिलिसेकंद, झाले ४०० मिलिसेकंद. एकही क्वेरी स्लो नाही, त्यामुळे कुठल्याच स्लो लॉगमध्ये दिसणार नाही. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टमागे क्वेऱ्या किती, हा आकडा ॲपच्या लॉगमध्ये यायलाच हवा. लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच असतो, तिथे हे कधीच जाणवत नाही.

एखादी क्वेरी खरंच स्लो सापडली तर ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ करा, डेटाबेस ती कशी चालवतो ते दिसतं. अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत शेकडो पटींचा फरक असेल तर आकडेवारी शिळी झाली आहे, त्या टेबलवर ‘ॲनालाइझ’ चालवून पुन्हा बघा. इंडेक्स असूनही वापरला जात नसेल तर रकान्यावर फंक्शन लावलंय का, किंवा ‘लाइक’मध्ये सुरुवातीलाच टक्क्याची खूण आहे का, ते तपासा. हे सगळं प्रॉडच्या (खऱ्या वापरातल्या सर्व्हरच्या) आकाराच्या डेटावर करायचं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, ५०० ओळी असताना डेटाबेस इंडेक्सकडे ढुंकूनही बघत नाही, आणि ते बरोबरच असतं.

> इशारा: ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ क्वेरी खरोखर चालवतं. ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’च्या पुढे लावलं तर डेटा खरोखर बदलतो. ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) चालवून रोलबॅक, म्हणजे रद्द, करा. पोस्टग्रेसमध्ये चालू टेबलवर इंडेक्स टाकायचा तर ‘कॉन्करंटली’ लावूनच. साध्या पद्धतीने तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवरचं लिहिणं थांबतं.

आता लॉक, म्हणजे एकाच डेटासाठी एकमेकांची वाट बघणाऱ्या क्वेऱ्या. ऐन तक्रारीच्या वेळी ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ बघा. ‘वेट इव्हेंट टाइप’मध्ये ‘लॉक’ असलेल्या ओळी किती, आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ किती? दुसरी अवस्था फार बोलकी असते: ॲपने ट्रान्झॅक्शन उघडलं आणि ते तसंच धरून भलतंच काम करतोय.

आपल्या उदाहरणात नेमक्या याच ओळी दिसतात. साडेदहाला सबमिट सुरू झाले की डझनभर जोडण्या ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. कोड उघडला तर क्रम असा: ट्रान्झॅक्शन सुरू, उत्तरं सेव्ह, ‘तुमचा पेपर मिळाला’ असा एसएमएस पाठव, ट्रान्झॅक्शन पूर्ण. एसएमएसवाल्याचा सर्व्हर उत्तर द्यायला दोन सेकंद घेतो. ते दोन सेकंद डेटाबेसची जोडणी हातात धरून ठेवलेली.

हिशोब करून बघा. हिकारी पूलमध्ये (जाव्हा ॲपसाठी डेटाबेसच्या जोडण्या तयार ठेवणारी लायब्ररी) मुळात १० जोडण्या असतात. एक सबमिट जोडणी ५० मिलिसेकंद धरत असेल तर एक सर्व्हर सेकंदाला २०० सबमिट घेऊ शकतो. तीच जोडणी २ सेकंद धरली तर सेकंदाला ५. सीपीयू झोपलेला, डेटाबेस झोपलेला, आणि मुलं रांगेत. जोडणीसाठी हिकारी मुळात ३० सेकंद थांबतो, मग एरर देतो. म्हणून आधी ‘स्लो’ अशी तक्रार येते आणि नंतर ‘एरर’ अशी. लोक या दोन वेगळ्या भानगडी समजतात.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे पूल १० चा १०० करणं. दोन सर्व्हर म्हणजे २०० जोडण्या; पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, मायएसक्यूएलची १५१. क्लाउडच्या मॅनेज्ड डेटाबेसमध्ये ती मेमरीनुसार वेगळी असते, पण प्रश्न तोच: रांग ॲपच्या दारातून उचलून डेटाबेसच्या दारात नेली. खरा उपाय आहे एसएमएस ट्रान्झॅक्शनबाहेर, रांगेत टाकून मागून पाठवणं.

> तपासणी: पूलमध्ये जोडणीसाठी थांबायला किती वेळ लागला, हा आकडा लॉग किंवा मेट्रिकमध्ये दिसतोय का? दिसत नसेल तर आज लावायची ही पहिली गोष्ट.

आणि तो टप्पा १ मधला क्रॉन आठवतोय? त्याच साडेदहाला बॅकअपही चालू असेल तर एसएमएस दुरुस्त केल्यावर रिस्पॉन्स सुधारेल, पण पुरता नाही. दोन कारणं एकाच वेळी असू शकतात. एक सापडलं म्हणून यादी फाडून टाकू नका.

## टप्पा ७: बाहेरच्या सेवा आणि कोड

एसएमएस, ओटीपी, पेमेंट, ईमेल, फाइल स्टोरेज: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉलचा वेळ वेगळा नोंदवा आणि प्रत्येकाला टाइमआउट द्या. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सांगितल्याशिवाय टाइमआउट लावत नाही. समोरचा गप्प बसला तर तुमचा वर्करही गप्प बसतो. टाइमआउटनंतर लगेच तीन-तीन रिट्राय करणारा कोड असेल तर तो आजारी व्हेंडरवर आणखी ओझं टाकतो आणि तुमचे वर्कर तिप्पट वेळ अडकवतो.

एवढं होऊनही वेळ ॲपच्या आतच जात असेल, तर थ्रेड डंप घ्या: जाव्हाला ‘जेस्टॅक’, पायथनला ‘पाय-स्पाय’. एक नाही, दहा-दहा सेकंदांनी तीन. तिन्हींमध्ये तोच थ्रेड त्याच ओळीवर उभा दिसला की ती ओळ वाचा. जाव्हामध्ये गार्बेज कलेक्शनचा (न लागणारी मेमरी मोकळी करण्याच्या कामाचा) लॉग तक्रारीच्या वेळेशी ताडून बघा. आणि प्रॉडवर लॉग लेव्हल ‘डीबग’ राहिलेली नाही ना, हेही. हसू येतं, पण असते.

## टप्पा ८: एक बदल, मग मोजणी

एका वेळी एकच बदल. एसएमएस बाहेर काढणं, क्रॉन हलवणं आणि इंडेक्स टाकणं एकाच डिप्लॉयमध्ये ढकललं, तर सुधारलं कशाने ते कळणार नाही आणि बिघडलं तर परत काय फिरवायचं तेही नाही. बदलाआधीचे पी-५०, पी-९५, पूलचा थांबा, क्वेऱ्यांची संख्या लिहून ठेवा. तुलना रविवारची रविवारशीच करा. मंगळवारी दुपारी सगळंच छान चालतं.

लोड टेस्ट खऱ्या गर्दीसारखी हवी. बरीच टूल्स आधीचं उत्तर आल्यावरच पुढची रिक्वेस्ट सोडतात, म्हणजे सर्व्हर अडखळला की टूलही सौजन्याने थांबतं. विद्यार्थी असं सौजन्य दाखवत नाहीत. ठरावीक वेगाने रिक्वेस्ट सोडत राहणारा मोड वापरा. लोड सोडणारं मशीन त्याच रीजनमध्ये पण वेगळं ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवरून मारलात तर तुम्ही ऑफिसचं ब्रॉडबँड मोजाल. सुरुवातीची काही मिनिटं गरम होण्यासाठी सोडून द्या. एसएमएस आणि पेमेंटच्या जागी नकली सेवा लावा, आणि तिला मुद्दाम दोन सेकंद उशीर करायला सांगा. मूळ रोग तोच होता.

गर्दी ठरलेल्या मिनिटाला येत असेल तर ऑटोस्केलिंगवर विसंबू नका. मेट्रिक वर जाणार, अलार्म वाजणार, नवं मशीन उठणार, ॲप सुरू होणार, हेल्थचेक पास होणार. तोवर काही मिनिटं गेलेली असतात. दहाच्या पेपरला पावणेदहालाच मशीन वाढतील असं वेळापत्रक लावा.

> इशारा: प्रॉडवर लोड टेस्ट करायचीच असेल तर क्लासला, डेटाबेस सांभाळणाऱ्याला आणि एसएमएस व्हेंडरला आधी कळवा, आणि थांबवण्याचा अधिकार कोणा एकाकडे आहे ते ठरवा.

दुरुस्ती टिकतेय का हे बघायला अलार्म थोडेच, पण नेमके लावा: सबमिटच्या यूआरएलचा पी-९५, पूलमध्ये थांबण्याचा वेळ, सीपीयू क्रेडिट किंवा बर्स्ट बॅलन्सची शिल्लक, बाहेरच्या प्रत्येक सेवेचा वेळ. नुसता ‘सीपीयू ८० टक्क्यांच्या वर’ हा अलार्म आपल्या उदाहरणात एकदाही वाजला नसता. तपासात केलेले एनजिनएक्सचे लॉग, रिक्वेस्ट आयडी आणि क्वेऱ्यांचा आकडा तसेच चालू ठेवा. फक्त डिस्क भरू नये म्हणून लॉग रोटेशन लावायला विसरू नका.